जुन्या मोटारीचे सुटे भाग



तुमच्यापैकी पुष्कळांनी बैलगाडी हाकली आहे. गाडीच्या चाकाचा आरा मोडला म्हणजे आपण काय करतो? सुताराकडे जातो. सुतार बाभळीचे लाकूड घेतो. मोडका आरा बघतो. तासतो, ठोकतो आणि नवा आरा बसवून देतो. काम झाले.

आता तोच आरा शेजाऱ्याच्या गाडीला बसेल का? नाही बसणार. थोडा आखूड पडेल, नाही तर थोडा जाड होईल. कारण दर गाडी हाताने केलेली असते. एकीचे माप दुसरीला लागत नाही.

मोटारीचे तसे नाही. मोटारीचा भाग कारखान्यात होतो. हजारो भाग एका मापाचे होतात. एक मोडला तर त्याच नंबरचा दुसरा आणायचा आणि बसवायचा. पण तो नंबर वाचता आला पाहिजे. आजचे आमचे सगळे भाषण या एका वाक्यावर आहे, बरं का.

आज आम्ही तुम्हांला जुन्या अमेरिकन मोटारींविषयी सांगणार आहोत. साठ, सत्तर, कधी शंभर वर्षांपूर्वीच्या मोटारी. ज्यांनी त्या केल्या त्यांतले कितीतरी कारखाने बंद पडले. तरी हौशी माणसे त्या मोटारी उघडतात, साफ करतात, नव्यासारख्या करतात आणि रस्त्यावर चालवतात. मग त्यांना सुटे भाग मिळतात तरी कोठून?

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आम्हांला अमेरिकेच्या मोटारीशी काय करायचे आहे? आमच्या घरी एक सायकल आहे." खरे आहे. पण शेवटपर्यंत ऐका. तुमच्या विहिरीवरच्या पंपापर्यंत आम्ही तुम्हांला आणून पोचवतो.

तीन मोटारी, एक ढीग

गोष्ट १९०८ सालची आहे. अमेरिकेत कॅडिलॅक नावाच्या मोटारी होत असत. त्या कारखान्याचे प्रमुख हेन्री लेलँड हे होते. त्यांनी आधी बंदुकांच्या आणि हत्यारांच्या कारखान्यांत काम केले होते. माप केसभरही चुकता कामा नये, असा त्यांचा कडक नियम असे.

त्या वर्षी इंग्लंडमध्ये या मोटारींची परीक्षा झाली. लंडनजवळ ब्रुकलँड्स नावाचे शर्यतीचे मैदान होते. तेथे तीन कॅडिलॅक मोटारी आणल्या. कारागिरांनी त्या पार सुट्या केल्या. नट, बोल्ट, चाके, दट्टे, सगळे काढले. मग तिन्ही मोटारींचे भाग एकमेकांत मिसळून टाकले. कोणता भाग कोणत्या मोटारीचा हे ओळखू येईना. एवढ्यावर भागले नाही. परीक्षकांनी त्यांतले सुमारे ९० भाग उचलून बाजूला ठेवले आणि त्यांच्या जागी दुकानातले नवे भाग आणून दिले.

मग कारागिरांना सांगितले, आता मोटारी जोडा. हातात फक्त पाने, स्क्रू पिळायची हत्यारे, असली साधी साधने. कानशीने घासून भाग बसवायचा नाही. बसला तर बसला.

भाग बसले. तीन मोटारी उभ्या राहिल्या. त्यांच्या अंगावर एकमेकींचे रंग आले होते, म्हणून त्या जरा विचित्र दिसत होत्या. पण त्या चालल्या. एकेक मोटार मैदानावर ५०० मैल, म्हणजे सुमारे ८०० किलोमीटर, पळवली. या कामगिरीबद्दल कॅडिलॅकला इंग्लंडमधला मानाचा चषक मिळाला.

त्याच १९०८ साली हेन्री फोर्ड यांनी आपली 'मॉडेल टी' ही मोटार बाजारात आणली. १९२७ सालापर्यंत तशा दीड कोटी मोटारी झाल्या. सगळ्यांचे भाग ठरलेल्या मापाचे. म्हणून आज शंभर वर्षांनीसुद्धा एका फोर्डचा भाग दुसऱ्या फोर्डला लावता येतो. जुनी मोटार जिवंत ठेवता येते ती या शिस्तीमुळे.

मोटारीची जन्मपत्रिका

पण मंडळी, एक अडचण आहे. अमेरिकन कारखाने दर वर्षी मोटारीचे रूप थोडे बदलत असत. शेव्हरोले मोटार घ्या. १९५५, १९५६ आणि १९५७ या तीन सालांच्या शेव्हरोले लांबून बहिणी-बहिणी दिसतात. पण पुढची जाळी वेगळी, दिवे वेगळे. आतले काही भाग एकमेकींना चालतात, काही चालत नाहीत. नुसते "शेव्हरोलेचा भाग द्या" म्हटले तर दुकानदार काय देणार?

म्हणून पहिले काम म्हणजे आपली मोटार ओळखणे. दर मोटारीवर एक छोटी पत्र्याची पाटी असते. तिच्यावर अक्षरे आणि आकडे असतात. ती मोटारीची जन्मपत्रिकाच.

समजा, १९५७ च्या शेव्हरोलेच्या पाटीवर 'व्ही सी ५७ बी' आणि पुढे सहा आकडे आहेत. याचा अर्थ असा. 'व्ही' म्हणजे आठ सिलिंडरचे इंजिन. 'सी' म्हणजे बेल एअर या नावाची भारी जात. '५७' म्हणजे साल. 'बी' म्हणजे बाल्टिमोर गावचा कारखाना. आणि पुढचे आकडे म्हणजे तिचा अनुक्रमांक. बोटभर पाटी, पण किती सांगून गेली पाहा.

इंजिनावरही अक्षरे असतात. लोखंड साच्यात ओततानाच ती उठून येतात. हाताने चाचपली तरी कळतात. शेव्हरोलेच्या इंजिनावर ओतल्याची तारीख असते. 'सी १५ ७' असे असेल तर 'सी' म्हणजे तिसरा महिना मार्च, १५ तारीख, आणि ७ म्हणजे १९५७. इंजिन मूळचेच आहे की मागाहून दुसरे बसवले आहे, हे जाणकार माणूस यावरून ताडतो. विकणारा काही का सांगेना, लोखंड खोटे बोलत नाही.

मग पुस्तके येतात. दर कारखान्याचे सुट्या भागांचे पुस्तक असे. त्यात दर भागाचे चित्र आणि नंबर. दुसरे एक हॉलंडर नावाचे पुस्तक अमेरिकेत १९३४ सालापासून निघते. कोणता भाग आणखी कोणकोणत्या मोटारींना चालतो, हे त्यात दिलेले असते. हे पुस्तक जवळ असले की शोध सोपा होतो. एका मोटारीचा भाग मिळत नाही ना? मग तोच भाग दुसऱ्या कोणत्या मोटारीत आहे ते बघायचे आणि तिकडे शोधायचे.

भाग कोठे सापडतात

आता शोधायला निघू या.

पहिली जागा, जुनी दुकाने. एखादे दुकान बंद पडते. माळ्यावर जुना माल तसाच पडून राहतो. भाग कारखान्याचा, खोक्यात बंद, कधी मोटारीला लागलेलाच नाही. असा माल सर्वांत चांगला आणि सर्वांत महाग. पण त्यातही डोळे उघडे ठेवावे लागतात. लोखंड टिकते, रबर टिकत नाही. पन्नास वर्षे खोक्यात पडलेले रबर हातात घेताच तडकते.

दुसरी जागा, भंगाराचे आवार. अमेरिकेत अशी मोठमोठी आवारे आहेत. तेथे जुन्या मोटारी रांगेने उभ्या असतात. आपण जायचे, आपल्याला हवा तो भाग काढून घ्यायचा. पण कोणत्या मुलखातले आवार, हेही पाहावे लागते. अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ पडतो. तो वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते मीठ मोटारीचे पोट खाते. पत्रा कुजतो. उलट ॲरिझोना हा कोरडा, वाळवंटी मुलूख. तेथे पत्रा पन्नास वर्षांनीही शाबूत सापडतो. मात्र उन्हाने गादी आणि रबर यांचे भुस्कट झालेले असते. म्हणून पत्रा कोरड्या मुलखातला घ्यावा आणि गादी नवी शिवावी, असा हौशी लोकांचा रिवाज आहे.

तिसरी जागा, बाजार. पेनसिल्व्हेनिया राज्यात हर्शी नावाचे गाव आहे. हे गाव चॉकलेटसाठी प्रसिद्ध आहे. तेथे १९५५ सालापासून ऑक्टोबर महिन्यात जुन्या मोटारींचा आणि भागांचा मोठा बाजार भरतो. आपल्या जत्रेसारखाच. मैदानात ओळीने दुकाने. कोणी दिवे मांडले आहेत, कोणी चाकाच्या टोप्या, कोणी गंजलेल्या पेट्या. गिऱ्हाइके सकाळी लवकर येतात. हातात चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर, आणि पिशवीत घरचा मोडका भाग. तो काढून शेजारी धरतात, पट्टीने मोजतात आणि मग भाव करतात.

चौथी जागा, जाहिराती. हेमिंग्ज नावाचे पत्रक १९५४ साली निघाले. त्यात बारीक अक्षरांत जाहिराती असत: अमुक भाग हवा आहे, तमुक भाग विकणे आहे. आता हे काम पुष्कळसे मोबाइल फोनवर होते. पण फोनवरसुद्धा नंबरच लिहावा लागतो. नंबर चुकला तर जगाच्या टोकाहून चुकीचा भाग घरी येतो.

पाचवी गोष्ट, नव्याने केलेले भाग. नावाजलेल्या जुन्या मोटारींसाठी रबर, काचा, गाद्यांचे कापड, पत्र्याचे भाग आजही नवे तयार होतात. काही उत्तम असतात. काहींचा पत्रा पातळ असतो, भोके जुळत नाहीत.

आणि काहीच मिळाले नाही तर? मग मोडका भाग नमुना म्हणून ठेवायचा आणि ओतशाळेत नवा ओतून घ्यायचा. यातही एक खुबी आहे. तापलेले लोखंड थंड होताना आकसते. बिडाचा भाग फुटामागे एक अष्टमांश इंच कमी भरतो. म्हणून साच्याचा नमुना तेवढा मोठा करावा लागतो. मोडक्या भागावरून थेट साचा उचलला तर नवा भाग लहान होतो आणि कष्ट वाया जातात.

क्यूबा नावाच्या बेटावर तर ही कला पोटासाठी शिकावी लागली. तेथे १९५९ साली क्रांती झाली. १९६२ सालापर्यंत अमेरिकेने त्या देशाशी व्यापार पुरता तोडला. नव्या अमेरिकन मोटारी येईनात, भागही येईनात. तेथल्या कारागिरांनी हार मानली नाही. रशियन मोटारींचे भाग बसवले, जे मिळेना ते हाताने घडवले. हवाना शहरात त्या जुन्या मोटारी भाड्याने चालतात आणि त्यांवर कुटुंबे जगतात. अमेरिकेतला हौशी माणूस म्हणतो, भाग मूळचाच हवा. क्यूबातला म्हणतो, मोटार उद्या सकाळी चालली पाहिजे. दोघेही आपल्या जागी बरोबर आहेत.

कुर्ल्याची डॉज

आता आपल्या मुलखात येऊ. अमेरिकन मोटारी आपल्या मुंबईतही जोडल्या जात. शिवडीला १९२८ सालापासून शेव्हरोले मोटारी जोडत असत. पुढे वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ सालापासून डॉज, प्लिमथ आणि डी सोटो या मोटारी जोडू लागले. म्हणून आपल्याकडेही हौशी लोकांपाशी अशा मोटारी अजून आहेत.

आमचा एक विद्यार्थी अशाच मोटारींच्या कामात पडला. त्याची हकीगत सांगतो. तीत आमचीही एक चूक आहे. ती लपवणार नाही.

हा मुलगा गरिबाघरचा. चौथीत होता. एकदा शाळेचे घड्याळ बंद पडले. त्याने ते उघडले, फुंकर मारली, तेल दिले आणि चालू केले. आम्ही घड्याळाकडे पाहिले, मुलाकडे पाहिले नाही. त्याला वाचन येत नसे. इंग्रजी आकडे तर मुळीच नाही. बापाने त्याला शाळेतून काढले, तेव्हा आम्ही अडवले नाही. रजिस्टरात आमच्या हाताने शेरा लिहिला: "अभ्यासात गती नाही." तेव्हा आम्ही नवे मास्तर होतो. मॅट्रिक झालो म्हणून आम्हांला फार वाटत असे.

मुलगा मुंबईला एका गॅरेजात लागला. हात गुणी होता. इंजिनाचा आवाज ऐकून दुखणे सांगे. १९९६ च्या सुमारास गॅरेजात कुर्ल्याची एक जुनी डॉज आली. मिस्त्रींनी त्याला चाके काढायला सांगितली. उजव्या बाजूची चाके निघाली. डाव्या बाजूचे बोल्ट हलेनात. त्याने पान्याला नळी लावली आणि अंगातला सगळा जोर घातला. बोल्ट तुटला. दुसरा घेतला. तोही तुटला.

मंडळी, त्या जातीच्या मोटारींत डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. आपण नेहमी ज्या दिशेने बोल्ट सोडतो, त्या दिशेने तो आणखी आवळतो. आणि हे त्या बोल्टाच्या तोंडावर लिहिलेले होते! 'एल' हे एकच इंग्रजी अक्षर. एल म्हणजे लेफ्ट, म्हणजे डावा. एक अक्षर वाचता आले असते तर पाना उलटा फिरवून काम झाले असते.

मग तो नवे बोल्ट आणायला जुन्या बाजारात गेला. नजरेने माप धरून तसेच बोल्ट आणले. पैसे दिले, पावती घेतली नाही. आणले ते सुलट्या आट्यांचे. ते बसेनात. दुकानदार परत घेईना. मिस्त्रींनी त्याचा अर्धा पगार कापला. घरी म्हातारी आई त्या पगाराची वाट बघत होती.

त्या दिवाळीला तो आमच्या दारात आला. बोल्टाचा तुकडा आमच्या हातात ठेवला आणि म्हणाला, "गुरुजी, हे काय लिहिलंय ते मला शिकवा."

आम्ही त्या मुलाला काय सांगणार? घरातली पाटी काढली. अठरा दिवस तो रोज येत होता. आधी आकडे, मग इंग्रजी अक्षरे. पुढे मुंबईला त्याने रात्रीचा वर्ग धरला.

दोन वर्षांनी त्याच जातीची दुसरी डॉज गॅरेजात आली. पुढच्या काचेभोवतीचे रबर गेले होते. मालकाने अमेरिकेहून 'डॉज' असे नाव सांगून, साल सांगून रबर मागवले. वाट बघण्यात महिने गेले, जकात भरली. रबर आले आणि बसेना. सगळे हात टेकून बसले.

आमचा विद्यार्थी भागांचे पुस्तक घेऊन बसला. बोट ठेवून एकेक ओळ वाचली. रबराचा नंबर सापडला. तो नंबर अमेरिकेच्या याद्यांत शोधला, तर निघाला प्लिमथच्या यादीत! खरी गोष्ट अशी होती. आपल्याकडे आलेली डॉज किंग्सवे ही परदेशी धाडण्यासाठी केलेली मोटार. नाव डॉजचे, अंग प्लिमथचे. अमेरिकेतल्या डॉजचे रबर तिला बसणारच नव्हते. त्याने नंबर लिहून दिला. या वेळी आलेले रबर पहिल्या दमात बसले.

त्याने आणखी एक चूक वाचवली. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने जातात, म्हणून स्टिअरिंग उजवीकडे. अमेरिकेत याच्या उलट. म्हणून स्टिअरिंगचे कितीतरी भाग तिकडून आणून चालत नाहीत. पुस्तकात दोन्हींचे नंबर वेगळे असतात. मालक पैसे पाठवणारच होता. याने नंबर बघून थांबवले.

आज तो स्वतः मिस्त्री आहे. त्याच्या हाताखाली चार मुले आहेत. कामाला ठेवताना तो प्रत्येकाला आधी पाटी वाचायला लावतो. ज्याला येत नाही त्याला हाकलत नाही, शिकवतो. आम्ही जे केले नाही ते तो करतो. रजिस्टरातला आमचा तो शेरा खोडता येत नाही. म्हणून दर वर्गात आम्ही ही हकीगत सांगतो.

तुमच्या पंपासाठी

आता तुमच्या कामाचे. जुन्या मोटारवाल्यांचे नियम पंपाला, शिवणयंत्राला, ट्रॅक्टरलाही लागू आहेत.

१. आधी यंत्रावरची पाटी वाचा. नंबर जसाच्या तसा वहीत लिहा. एकही अक्षर गाळू नका.

२. बाजारात जाताना मोडका भाग बरोबर न्या. नवा भाग त्याच्या शेजारी धरा. भोके मोजा, आटे पाहा.

३. माप इंचाचे की मिलिमीटरचे ते विचारा. जुन्या अमेरिकन मोटारीचा अर्ध्या इंचाचा नट १२.७ मिलिमीटर भरतो. त्याला १३ चा पाना लावला तर पाना सुटतो आणि नटाचे कोपरे जातात.

४. पावती घ्या. पावतीवर भागाचा नंबर लिहून घ्या. नंबर नसलेली पावती भांडणात उपयोगी पडत नाही.

५. नवा भाग बसून यंत्र चालेपर्यंत जुना भाग फेकू नका.

६. यंत्र उघडताना नटबोल्ट डब्यांत ठेवा. डब्यावर चिठ्ठी लावा. आता तुम्हांला चिठ्ठी लिहिता येते. मग लिहा.

७. बोल्ट हलत नसेल तर जोर करण्याआधी त्याच्या तोंडाकडे बघा. काही लिहिले आहे का?

तुम्ही म्हणता, या वयात शिकून काय करायचे? सत्तर वर्षांची मोटार योग्य भाग मिळाला की चालू लागते. माणसाचे तर त्याहून सोपे आहे. त्याला फक्त रोज तासभर बसायचे आहे.

उद्याचा अभ्यास देतो. घरी जा. पंप, गिरणी, सायकल, जे असेल त्यावरची पाटी ओल्या फडक्याने पुसा. तीवर जे लिहिले असेल ते वहीत उतरवून आणा. उद्या आपण सगळे मिळून ते वाचू.